पाठमोरी शालू

नव्या गावठाणात चंद्रकलाला लोक ‘झोपाळू’ म्हणायचे. साठी उलटलेली बाई, जन्मभर शेतातल्या बांधीत वाकून धान रोवलेलं, कंबर कधीचीच कामातून गेलेली, आणि तिला झोपाळू! लोकांच्या जिभेला हाड नसतं. पण डोळ्यांना दिसत होतं तेही खोटं नव्हतं. गाव उठायच्या आधी ही उठायची, चूळ भरून ओट्यावर बसायची, आणि बायका पाण्याचे गुंड घेऊन नळाकडे निघाल्या की ही परत आत जाऊन चादर ओढून पडायची. दुपारी जेवण झालं की पुन्हा आडवी. शेजारची शकुनबाई तर तोंडावर म्हणायची की अशी सून मिळाली असती तर दुसऱ्याच दिवशी माहेरी पोचवली असती.

चंद्रकला ऐकून घ्यायची. काय सांगणार होती ती? झोपेची तिला काही हौस नव्हती. झोपेत तिचं एक काम होतं आणि ते जागेपणी होण्यासारखं नव्हतं. तिला तिच्या शालूचं तोंड पाहायचं होतं.

शालू तिची थोरली. धरणाचं पाणी यायच्या कितीतरी आधी, जुन्या गावात, तापाने गेली. सात वर्षांची होती. लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. तिला बोडीच्या, म्हणजे गावाकडच्या छोट्या तळ्याच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली ठेवलं. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून तिच्या बापाने, मारोतरावांनी, वर दगड रचले आणि बोरीच्या काट्या टाकल्या. शालूचा फोटो नव्हता. चौथीत गेली की पवनीला नेऊन काढू असं ठरलं होतं, ते राहून गेलं.

पुढे गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि गाव उठलं. नव्या गावठाणात सरळ रस्ते होते, नंबर घातलेले प्लॉट होते, सावली तेवढी नव्हती. बोडी, मोहाचं झाड, दगड, सगळं पाण्याखाली गेलं. तोवर चंद्रकला मोहफुलं वेचायच्या निमित्ताने त्या झाडाखाली जाऊन बसायची. आता बसायलाही जागा उरली नाही. आणि त्यानंतरच कधीतरी, नेमकं कधी ते तिलाही सांगता यायचं नाही, शालूचा चेहरा पुसट व्हायला लागला.

आई लेकराचा चेहरा विसरते का? ज्यांच्यावर वेळ आली नाही ते म्हणतील, काहीतरीच काय. विसरते बाप्पा, विसरते. चंद्रकलाला शालूची पाठ लख्ख आठवायची. रोज सकाळी पोरगी तिच्यापुढे पाठ करून बसायची आणि ही तिच्या वेण्या घालायची, म्हणून मानेवरची लव आठवायची, डाव्या कानामागचा तीळ, फ्रॉकचं तुटलेलं हूक, लाल फिती. समोरून पोरीला सावकाश पाहत बसायला त्या दिवसांत फुरसत कुणाला होती? पोरगी समोर यायची तेव्हा हिचं लक्ष चुलीकडे, नाहीतर कडेवरच्या धाकट्या अमरकडे. या गोष्टीचा तिला स्वतःचाच इतका संताप यायचा की तांदूळ निवडता निवडता हात थांबायचे आणि सूप तसंच मांडीवर राहायचं.

मारोतरावांना विचारून उपयोग नव्हता. शालूचं नाव त्यांनी मोहाखालून परत आल्यावर जे टाकलं ते टाकलंच. एकदा तिने धीर करून विचारलं, तिचं नाक कसं होतं हो? ते म्हणाले, नाकासारखं नाक, आणि खांद्यावर दुपट्टा टाकून बाहेर निघून गेले. अमर तेव्हा रांगता होता, त्याला काय आठवणार. तो आता नागपुरात कंपनीत होता, आईला दर रविवारी फोन करायचा आणि जेवली का एवढं विचारून ठेवायचा.

शालू स्वप्नात मात्र यायची. नेहमी पाठमोरीच. बोडीच्या काठावर उभी राहून पाण्यात खडे टाकत असायची. चंद्रकला स्वप्नात तिला पाहायची आणि स्वप्नातल्या गडबडीत दुसऱ्याच कामाला लागायची, म्हैस सुटलेली असायची नाहीतर पाहुणे आलेले असायचे. जाग आली की उशीत तोंड खुपसून रडायची, कारण पोरगी दहा पावलांवर होती आणि हिला तिच्याकडे जायचं सुचलं नव्हतं.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली तेव्हा तिचा धाकटा भाऊ मधुकरराव भंडाऱ्याहून आला. जवाहरनगरच्या फॅक्टरीत जन्म काढून रिटायर झालेला माणूस. तोंडाने फटकळ, पण बहिणीवर जीव. दुपारी चहा पिताना चंद्रकलाने त्याला पाठमोऱ्या शालूचं सांगितलं. त्याने हातातली बशी खाली ठेवली आणि मग जे सांगितलं ते त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. रात्रपाळी करून आला की तो दिवसा झोपायचा. बाहेर क्वार्टरातली पोरं ओरडायची, फॅक्टरीच्या बसचा हॉर्न ऐकू यायचा, आणि अशा अर्धवट झोपेत एकदा स्वप्न पडत असताना त्याला कळलं की हे स्वप्न आहे, आपण तर खाटेवर पडलोय. कळलं, पण जाग आली नाही. मग काय, साहेब उडाले. क्वार्टरांच्या छतांवरून, पाण्याच्या टाकीवरून चक्कर मारली, कॅन्टीनमध्ये उतरून पोटभर गुलाबजाम खाल्ले. पुढे त्याला त्याची सवयच लागली. हल्ली मोबाईलवर त्याने पाहिलं की जगात पुष्कळ लोकांना हे जमतं, त्याला ल्युसिड ड्रीमिंग की काय म्हणतात. तो आपला त्याला जागं सपन म्हणायचा.

“बाई,” तो म्हणाला, “सपनात तुले समजलं का हे सपन होय, तं तू तिच्याजवळ जाऊ शकते. तिले फिर म्हनू शकते.”

चंद्रकलाने एवढंच ऐकलं. चुलीवर दुसरा चहा उतू जात होता तो तिने जाऊ दिला.

मधुकररावाने तिला शिकवलं ते असं. सकाळी जाग आली की लगेच उठायचं नाही, पाय जमिनीला लावायच्या आधी स्वप्न शेवटापासून आठवायचं आणि कुणाला तरी सांगायचं, म्हणजे स्वप्नं ध्यानात राहायला लागतात. दिवसातून पुष्कळदा थांबून स्वतःला विचारायचं, हे सपन तर नाही? नुसतं विचारून भागत नाही, तपासायचं. हाताची बोटं मोजायची, स्वप्नात ती कमीजास्त भरतात. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहायचा, स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास येतो. जागेपणी सवय लागली की झोपेतही आपण तसंच करतो आणि स्वप्न पकडलं जातं. पहाटे उठून थोडं बसायचं आणि मग ‘आता सपन पडंल तं मले समजंल’ असं मनात घोळवत पुन्हा झोपायचं, कारण त्या वेळची झोप पातळ असते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आपल्या स्वप्नात जे हटकून येतं ते हुडकून काढायचं आणि त्यालाच खूण करायची.

स्वप्नं सांगायला घरात मारोतरावांशिवाय होतं कोण? पहाटेनंतरच्या झोपेतून जाग आली की चंद्रकला पडल्या पडल्या बोलायला लागायची आणि ते भिंतीकडे तोंड करून ऐकायचे. हूं नाही की चूं नाही. सुरुवातीला तिला वाटायचं की झोपले असतील. पण ती सांगायची थांबेपर्यंत ते उठायचे नाहीत.

आषाढात तशा कंबरेनेही रोवणीला गेली तेव्हा तर हसं झालं. बांधीत चिखलात उभी राहून, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी काखेत धरून, चंद्रकला मध्येच थांबून नाक दाबायची. बायका म्हणायच्या, का वो, वास येऊन राहिला का आमचा? शकुनबाईने तर तिची नक्कलच बसवली होती. चंद्रकला हसण्यावारी न्यायची आणि पुढचं पाऊल टाकायच्या आधी पुन्हा बोटं मोजायची.

बोटांनी काही झालं नाही. झालं ते खुणेने. तिच्या प्रत्येक स्वप्नात जुनं गाव यायचं. नवं गावठाण तिच्या झोपेने कधी पत्करलंच नव्हतं. मग एका पहाटे ती मारुतीच्या पारापाशी उभी होती, गावातल्या कुंताबाईच्या घरावरची कवेलू, मातीची कौलं, दिसत होती, आणि तिच्या मनात आलं, हे गाव तर पाण्यात आहे. पाण्यातलं गाव कोरडं कसं? बस. कळलं तिला. सगळं एकदम असं स्वच्छ झालं की पाराच्या दगडांमधलं गवतही दिसायला लागलं. आणि आनंदाने तिचा ऊर असा भरून आला की तिला जागच आली.

भावाला फोन केला तर तो खूश. म्हणाला, आनंद झाला की सपन फुटते, आनंद आवरायचा. हाताचे तळवे एकमेकांवर चोळायचे, खाली जमिनीकडे पाहायचं, आणि तरीही सगळं विरायला लागलं तर उभ्या जागी गरगर फिरायचं, म्हणजे स्वप्न टिकतं. बोटंही मोजत जा म्हणाला, एका खुणेवर भिस्त ठेवू नको.

“माह्या गावावर एवढं पानी हाय, मधुकर,” ती म्हणाली. “ते गाव दिसलं म्हनजे सपनच. आता दुसरी खूण कायले?”

त्यालाही ते पटलं. कुणालाही पटलं असतं. तिने बोटं मोजणं सोडून दिलं.

त्या हिवाळ्यात चंद्रकला जेवढी जगली तेवढी कधी जगली नसेल, आणि जगली ती सगळी झोपेत. आठवड्यातून एकदोनदा तरी जुनं गाव तिला सापडायचं. तळवे चोळायचे, खाली पाहायचं, पाराला वळसा घालून बोडीकडे निघायचं. पहिल्यांदा ती पाळीपर्यंत पोचली आणि धावली, तिथेच जाग आली. पुढच्या वेळी धावली नाही. मग एकदा इतकी जवळ गेली की मानेवरची लव दिसली, कानामागचा तीळ दिसला. हात लावायला गेली आणि हाताला चादर लागली. एकदा ती पोरीला वळसा घालून पुढे आली, तर पुढूनही पाठच. पुन्हा वळसा घातला, पुन्हा पाठ. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. स्वप्नसुद्धा आपल्याशी असं हलकटपणाने वागतं याचं तिला फार लागलं.

मधुकरराव फोनवर म्हणाला की स्वप्नावर जबरदस्ती करू नको, तू तिच्या पुढे जाऊ नको, तिलाच वळू दे. जवळ थांब, नावाने हाक मार आणि वाट पाहा. आणि वळली तर हात लावू नको, रडू नको, कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट पाहून घे आणि पाठ करून ठेव, म्हणजे मग ते तोंड तुझं.

हाक मारणं एवढंच राहिलं होतं. पण स्वप्नात आवाज फुटेल तर शपथ. ती पोरीच्या मागे उभी राहायची, गळ्यात ‘शालू’ भरून यायचं आणि तिथेच अडकायचं.

असाच एक दिवस ती स्वप्न सांगून थांबली, आणि भिंतीकडे तोंड केलेले मारोतराव बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“दिसली तं मलेबी सांगजो, कशी हाय ते.”

चंद्रकलाला काय वाटलं ते काय सांगावं. तिला वाटत होतं, हा माणूस विसरून मोकळा झालाय, आपण एकट्याच झिजतोय. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून पडून राहिली. त्या दिवसापासून ती दोघांसाठी झोपायला लागली.

त्या उन्हाळ्यात धरणातलं पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं. मे महिन्यात नात्यातलं एक लग्न होतं, वैनगंगेच्या पलीकडच्या अंगाला वसवलेल्या दुसऱ्या गावात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गावची मंडळी बसली. चंद्रकला पहाटेपासून जागी होती, उन्हाने डोकं भणभणत होतं, ट्रॉलीत गोणपाटावर डोकं टेकलं आणि तिचा डोळा लागला. वाटेत ट्रॅक्टरवाल्याला कुणीतरी म्हणालं की पाणी उतरलंय, जुनी वाट उघडी पडली असेल, तिकडूनच घे, जवळ पडेल आणि गावही पाहून होईल. सगळे एकदम हरखले. जुन्या गावाशी ट्रॅक्टर थांबला तसा जो तो उतरून आपापलं घर कुठे होतं ते शोधायला पळाला. कुणीतरी चंद्रकलाला उठवायला गेलं तर मारोतराव म्हणाले, झोपू द्या तिला, तिची झोप होत नाही. तिच्या डोक्यावर आपला दुपट्टा पसरून तेही उतरले.

तिला जाग आली तेव्हा ट्रॉलीत कुणी नव्हतं. आवाज नाही, माणूस नाही, आणि समोर जुनं गाव.

मारुतीचा पार होता, त्याच्यावर गाळाचा थर होता. कुंताबाईच्या घराचा नुसता चौथरा होता. गल्लीत शिंपले पडले होते, चिखल वाळून तडकला होता, झाडं होती तिथेच काळी, बिनपानांची उभी होती. असं गाव तिने कधी पाहिलं नव्हतं. पण स्वप्नात वस्तू अशा बिघडलेल्या असतातच, घराला दार नसतं, म्हशीला तोंड नसतं, हे तिला आता पाठ झालं होतं. तिने मनाशी म्हटलं, सापडलं. आनंद आवरला. खाली उतरली, तळवे चोळले, जमिनीकडे पाहिलं. जमीन इतकी स्पष्ट दिसत होती, तळव्यांना तळव्यांची ऊब इतकी खरी लागत होती की तिला वाटलं, आज बरोबर जमलंय. एवढं पक्कं आजवर कधी झालं नव्हतं.

ती न धावता पाराला वळसा घालून बोडीकडे गेली. बोडीची पाळ ढासळली होती, मोहाचं खोड उभं होतं. आणि त्या खोडापाशी एक पोरगी पाठमोरी उभी होती. दोन वेण्या, फ्रॉक. वाळलेल्या बोडीत खडे फेकत होती.

चंद्रकला तिच्या मागे जाऊन थांबली. या वेळी आवाज आला.

“शालू, माह्याकडे फिर बाई.”

पोरगी वळली.

चंद्रकलाने हात लावला नाही. रडली नाही. सांगितलं होतं तसंच केलं, कपाळापासून सुरुवात केली. रुंद कपाळ, घामाने चिकटलेल्या बटा. भुवया जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या. डोळे घारे. नाक बसकं, टोकाशी गोल. वरचा एक दात पडलेला. हनुवटीला बारीकशी खळी. ती एकेक पाहत गेली आणि तिचं मन एकेकाला म्हणत गेलं, हो, असंच होतं. असेच डोळे होते. असंच नाक. विसरलेच कशी मी? इतक्या वर्षांची कोंडलेली माया अशी उसळून आली की ते तोंड तिच्या आत खोल जाऊन बसलं. तिच्या सगळ्या आयुष्यात एवढं सुख तिला कधी झालं नव्हतं, अगदी शालू जन्मली तेव्हाही नाही.

पोरगी घाबरली. “मम्मी,” म्हणून ओरडली आणि पळाली. चंद्रकलाला वाटलं, स्वप्न विरायला लागलं. मग तिने तेच केलं जे शिकली होती. डोक्यावरचा पदर सोडला, दोन्ही हात पसरले आणि उभ्या जागी गरगर फिरायला लागली. भर दुपारी, वाळलेल्या बोडीत, साठी उलटलेली बाई भिंगरीवाणी फिरतेय, आणि चौथऱ्यांवरून, गल्ल्यांमधून सगळं गाव धावत येतंय. कुंताबाई पुढे होती, तिने त्या पोरीला पोटाशी धरलं होतं. तिची नात होती ती, रिता. लग्नासाठी नागपूरहून आली होती, आईबापासोबत मोटारसायकलवर परस्पर इथे पोचली होती. चंद्रकलाने तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

मारोतरावांनी गर्दीतून येऊन तिचे दंड धरले. ती सुटायला धडपडली, तिला हे स्वप्नातले मारोतराव नको होते. त्यांनी सोडलं नाही.

“अमरची माय, जागी हाय तू. हे खरं गाव होय. पानी उतरलं हाय.”

दंडाला दुखत होतं, आणि दुखायचं थांबत नव्हतं. चंद्रकलाने हात वर करून बोटं मोजली. पाच होती. नाक दाबलं, श्वास येईना. तिने नाक सोडलं नाही. मारोतरावांना तिचा हात ओढून काढावा लागला.

लग्नाला जावंच लागलं. पंगतीत रिता समोरच्या ओळीत बसली होती. चंद्रकला पत्रावळीकडे पाहायचं ठरवायची आणि नजर वर जायचीच. रिताच्या आईने पोरीला उचलून दुसऱ्या टोकाला नेलं. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. शकुनबाई, एरवी जिच्या तोंडाला खळ नसायचा, ती काही बोलली नाही, उलट हिच्या पत्रावळीवर बुंदी वाढून गेली. चंद्रकलाला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या पहाटे तिला जुनं गाव दिसलं. गाळाने भरलेलं, शिंपल्यांचं. कवेलूंचं गाव पुन्हा कधी दिसलं नाही. बोडीच्या काठावर शालू पाठमोरी होती, मानेवर लव होती, कानामागे तीळ होता. चंद्रकलाने हाक मारली नाही. तरी ती वळली, आणि तोंड रिताचं होतं.

मग रोज तेच. चंद्रकलाने पहाटेची झोप सोडली, तर ती दुपारी यायला लागली. दुपारची सोडली, तर डोळ्याला डोळा लागेल तेव्हा. भावाला फोन केला. त्याने दोनचार तोडगे सांगितले, स्वप्नात डोळे मिटून घे, पाठ फिरवून चालायला लाग. तुला हे सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं, असं शेवटी म्हणाला. तिने त्याला दोष दिला नाही. तिच्या अंगात तेवढं त्राणच नव्हतं. शेवटचा उपाय म्हणून तिने स्वप्नातच, सगळं समजत असताना, पोरीच्या मागे उभं राहून म्हणून पाहिलं, फिरू नको बाई, अशीच राहा. पाठ तेवढी माझी होती, तेवढी राहू दे. पोरगी हाक ऐकल्यासारखी वळली आणि पडलेला दात दाखवत हसली.

सगळ्यांत वाईट विचार तिला त्यानंतर आला. शालू खरंच अशी दिसत नसेल कशावरून? रिता गावातलीच नात, नाकडोळे गावात फिरत असतात. हे तोंड परक्याचं आहे असं तरी ती कशाच्या जोरावर म्हणत होती? आणि शालूचं आहे असं तरी कशाच्या? गावातल्या बायकांना आणि भावाला तिने कधीच विचारून पाहिलं होतं, त्यांना काही आठवत नव्हतं; हे सांगू शकेल असं जगात आता एकच माणूस होतं. एका सकाळी तिने मारोतरावांना खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं.

“रिताचं तोंड शालूचं नाई ना? तुमाले तं आठवते. नाई म्हना एकदा. मी मानतो.”

मारोतरावांनी नजर पुन्हा भिंतीकडे वळवली.

“मले आठवत नाई,” ते म्हणाले. “लय वर्षं झाली. तुह्याआधीच गेलं माह्यातून. तू इचारत होती तं मी बाहीर निंघून जात होतो, कारन सांगाले काहीच नोहोतं.”

म्हणजे कुणालाच नाही. एक पोर सात वर्षं या जगात हसली, रडली, आणि तिचं तोंड आता कुणाच्याही डोक्यात नव्हतं. चंद्रकला छताकडे पाहत पडली. तिला रडू आलं नाही. मारोतरावांनी तिचा हात शोधला. त्यांचा आवाज आर्जवी झाला होता, लहान मुलासारखा.

“तुले दिसते ना काहीतरी? मले तेबी दिसत नाई. सांग ना मले, कशी हाय ते.”

तिने डोळे मिटले. पोरगी समोरच उभी होती.

“कपाळ रुंद हाय,” चंद्रकला म्हणाली. “भुवया जवळजवळ हाय. डोळे घारे.”

“हव,” मारोतराव म्हणाले. “असेच होते.”

त्यांना काही आठवत नाही हे तिला आताच कळलं होतं. तरी ती पुढे नाकाचं सांगायला लागली.